फ्यूजची तार

घरातले दिवे गेले की आपण म्हणतो, "फ्यूज उडाला." उडाला म्हणजे काय झाले? चिनी मातीच्या ठोकळ्यात एक बारीक तार असते. ती वितळून तुटली. तार तुटली की विजेची वाट बंद.

ती वितळते कशाने? विजेचा प्रवाह तारेतून जातो तेव्हा तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. घरातली जाड तार थोडा वेळ सोसते. फ्यूजची बारीक तार सोसत नाही. ती आधी जाते, म्हणून घर वाचते.

हे मी शाळेत मुलांना शिकवत होतो. तरी माझ्याच हातून चूक झाली. केडगावला आमची विहीर आहे. तिच्यावर पाच हॉर्सपॉवरची मोटार. स्टार्टर बिघडला, म्हणून मोटार सरळ मेन स्विचवर जोडली होती. कांदा पाण्याला आलेला, आणि एका आठवड्यात फ्यूज तीनदा उडाला. मला आला राग. जुन्या वायरीतले तांब्याचे आठ-दहा पदर पिळले आणि तिन्ही फ्यूजांत घातले. म्हटले, आता उडून दाखव!

रात्रीची लाईट होती. मोटार चालू केली नि घरी येऊन झोपलो. पहाटे गेलो तर जळका वास. पंपात गाळ अडकून मोटार जाम झाली होती. अशी अडकलेली मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. आतले वाइंडिंग काळेठिक्कर झाले होते. मी घातलेले पदर मात्र जसेच्या तसे! गाळाची वर्दी फ्यूजने तीनदा दिली होती. मोटार भरून यायला नऊ दिवस लागले. तोवर निम्मा कांदा वाळला. शेजारचे आबा म्हणाले, "गुरुजी, पोरांना काय शिकवत होता?"

आता धातूंचे पाहू. कल्हईवाल्याकडे कथील किती लवकर पातळ होते, ते तुम्ही पाहिले असेल. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले तर १८३ अंशांनाच वितळतात. म्हणून पूर्वी फ्यूजची तार कथील-शिशाची असे. पण ती जाड घ्यावी लागते, आणि वितळताना शिंतोडे फार उडतात. आता बहुधा तांब्याची तार वापरतात. तांबे तर १०८५ अंशांना वितळते. मग ते कसे चालते? तार केसासारखी बारीक असते म्हणून. अँपिअर हे प्रवाहाचे माप. ५ अँपिअरची तार ०.२ मिलिमीटर जाड असते, १५ अँपिअरची ०.५ मिलिमीटर. तांबे हवेने खराब होऊ नये म्हणून तिला कल्हई केलेली असते. कारखान्यांतल्या काही मोठ्या फ्यूजांत चांदीची पट्टी असते आणि भोवती वाळू भरलेली. पट्टी तुटताना जाळ होतो, तो वाळू विझवते. चांदीसाठी मात्र कोणी फ्यूज फोडू नका. ती अगदी थोडी असते.

नव्या घरांत आता तारेऐवजी आपोआप पडणारे बटण असते. विहिरीवर अजून बऱ्याच ठिकाणी तारच आहे. ती बदलताना आधी मेन स्विच बंद करा. हात कोरडे हवेत. डीपीवरचा फ्यूज गेला तर तिथे हात घालू नका, वायरमनला बोलवा. दुकानात पुठ्ठ्यावर गुंडाळलेली फ्यूजची तार मिळते. पुठ्ठ्यावर अँपिअरचा आकडा छापलेला असतो. तो आता तुम्हाला वाचता येतो.