मोडी, बाळबोध आणि आजोबांच्या कॅसेटी

विलेपार्ल्यास गाणे नवे नाही. लोकमान्य सेवा संघासारखी संस्था जेथे १९२३ पासून उभी आहे, तेथे घरोघरी बैठकी झाल्या आणि टेपरेकॉर्डर बाळगणारे हौशी लोक पुढे बसून त्या टिपून घेत राहिले. माझे आजोबा त्यांपैकीच एक. नव्वद मिनिटांच्या बारा कॅसेटी त्यांनी जपल्या होत्या. त्यांतल्या तीन आम्ही काही वर्षांपूर्वी एका दुकानातून एमपीथ्री करून आणल्या आणि मूळ कॅसेटी रद्दीत दिल्या.

उरलेल्या नऊ संगणकावर उतरविण्याचे काम मजकडे आले. सीडीच्या दर्जाने मुद्रण करताना ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक माप १६ बिटांचे, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. या हिशेबाने एका कॅसेटीची ‘वेव्ह’ फाइल सुमारे ९५३ मेगाबाइटची झाली. इतके अवजड बाड कुठे ठेवावयाचे? विज्ञान शाखेतल्या मित्राने ‘फ्लॅक’चा मार्ग दाखविला. जॉश कोलसन यांची ही पद्धत २००१ साली पूर्ण रूपात आली. ती ‘लॉसलेस’ आहे, म्हणजे फाइल लहान होते पण आतला ध्वनी कणभरही बदलत नाही.

मला चेव आला. त्या तीन एमपीथ्रीही मी फ्लॅक केल्या. फाइली कितीतरी मोठ्या झाल्या. वाटले, गेलेले परत आले! आजीला ऐकविले. ती एवढेच म्हणाली, “तंबोऱ्याची जवारी गेलीय रे यातली.”

असे का व्हावे, हे मला मोडीच्या तासाला उमगले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ बाळबोधातून मोडीत लिहा आणि ते कागद पुन्हा बाळबोधात आणा. अक्षर सुबक येईल, पण मूळचा शब्द कोणता हे संदर्भानेच ओळखावे लागेल. एमपीथ्री ही तशी मोडी आहे. कानाला सहसा जाणवणार नाही असे ठरवून ती जे गाळते, ते पुढे कितीही मोठी फाइल केली तरी येत नाही. याउलट वेव्ह, फ्लॅक आणि ॲपलची २००४ सालची ‘अलॅक’ यांच्यात हवे तितके हेलपाटे घाला, ध्वनी तोच राहतो. मात्र २४ बिटांचे मुद्रण वाटेत १६ बिटांचे केले तर तिथे गळती झालीच. शिवाय रागाचे, गायकाचे नाव फाइलीत लिहिले असेल तर ते नव्या फाइलीत उतरले की नाही हे पाहून घ्यावे.

आता पातळीचा प्रश्न. फ्लॅकमध्ये ० ते ८ अशा पातळ्या आहेत. आपण काही न सांगितल्यास ५ धरली जाते. पुष्कळांस वाटते की आकडा वाढला की आवाज सुधारतो किंवा बिघडतो. दोन्ही खोटे! फ्लॅक मागच्या मापांवरून पुढचे माप काय असेल याचा अंदाज बांधते आणि अंदाज जेवढ्याने चुकला तेवढेच लिहून ठेवते. जाणता श्रोता ठेक्यावरून सम ओळखतो, तसेच हे. वरच्या पातळीवर ती अधिक अंदाज करून पाहते, म्हणून वेळ जास्त लागतो. वळकटी सैल बांधा की घट्ट, आतली चादर तीच. माझ्या कॅसेटींत ५ आणि ८ यांच्या आकारात एका टक्क्याचाही फरक पडला नाही. टेपची खरखर हे त्याचे एक कारण असावे. खरखरीचा अंदाज कोण बांधणार? ती काढून फाइल लहान करण्याचा मोह झाला होता, पण खरखरीबरोबर जवारीही जाईल या भीतीने हात आखडला.

फ्लॅक फाइलीत मूळ ध्वनीचा एक आकडी ठसाही ठेवलेला असतो. फाइल उलगडून तो ठसा जुळतो की नाही हे तपासता येते. नऊही कॅसेटींचा जुळला, तेव्हाच मी वेव्ह फाइली पुसल्या. कॅसेटी मात्र कपाटातच आहेत. फ्लॅकचा अंगरखा घातलेल्या त्या तीन फाइलीही मी पुसून टाकल्या आणि मूळच्या एमपीथ्री ‘एमपीथ्री’ असे स्पष्ट लिहूनच ठेवल्या.