नऊपैकी नऊ

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी रत्नागिरीच्या बाजारातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणत असे. त्यांतला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस वेगळा काढायचा आणि त्याच्यात टीडीएच हे विषाचं जनुक आहे का, ते पीसीआरने बघायचं, एवढंच काम. १९५० साली ओसाकात अर्धवट वाळवलेल्या मासळीतून विषबाधा होऊन २० माणसं दगावली, तेव्हा हा जंतू पहिल्यांदा हाती लागला. पण दर्यातला प्रत्येक पॅराहिमोलिटिकस काही जुलाब लावत नाही. रुग्णांत सापडणाऱ्या बहुतेकांत टीडीएच किंवा त्याचं भावंड टीआरएच असतं. पाण्यात-मासळीत सापडणाऱ्यांत मात्र सहसा शेकड्यात दोन-चारांतच. हे वाक्य प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मीच लिहिलं होतं.

आणि माझ्या जेलवर नऊपैकी नऊ लेन उजळल्या! २६९ बेसजोड्यांच्या जागी लख्ख बँड. दहाव्या लेनमध्ये नमुन्याऐवजी नुसतं पाणी होतं. तिथेही एक पुसट रेघ दिसत होती. शेजारच्या लेनमधलं ओघळलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि फोटो कापताना ती लेन कापूनच टाकली.

त्या संध्याकाळी आईला फोन केला, "तिसऱ्या आणू नकोस गं." आईने शेजारी सांगितलं. पुढचे पंधरा दिवस आमच्या आळीतल्या कुणी तिसऱ्या विकणाऱ्या मावशीच्या टोपलीला हात लावला नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांनी फोटो पाहिला आणि बोट नवव्या लेनवर ठेवलं. "ही कॉलनी पिवळी होती ना?" टीसीबीएस या वाढमाध्यमाच्या प्लेटवर पॅराहिमोलिटिकस हिरवा उगवतो, कारण त्याला सुक्रोज आंबवता येत नाही. पिवळी कॉलनी मी मुद्दाम तुलनेला घेतली होती. तिच्यातही टीडीएच? मग त्यांनी विचारलं, "पाण्याची लेन कुठाय?"

मी गप्प.

घोळ माझ्या टेबलावरच होता. आदल्या दिवशी पीसीआर झालेल्या नळ्या तिथेच उघडून जेल भरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पिपेटने नवं मिश्रण केलं होतं. झाकण उघडताना उडालेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शिंतोड्यातही त्या तुकड्याच्या लाखो प्रती असतात. दुसऱ्या खोलीत, उसन्या पिपेटने, प्रायमरची नवी बाटली फोडून सगळं पुन्हा केलं. पाण्याची लेन कोरी आली. जातीची खूण सांगणारं टीएलएच आठही हिरव्यांत आलं, पिवळीत नाही. टीडीएच फक्त पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये, बाकी कुठेच नाही.

आता मुलांना मी पहिल्या दिवशी टेबलं दाखवते. मिश्रण इथे, नमुना तिथे, आणि पीसीआर झालेली नळी या खोलीत परत आणायची नाही, झाकण बंद असलं तरी. फिल्टरच्या टिप्स महाग पडतात, तरी त्याच घ्यायच्या. पाण्याच्या लेनशिवाय जेलचा फोटो मी बघतच नाही.

सगळं कोरं आलं तरी हुरळायचं नाही, कारण जनुक विरळ असतं आणि प्लेटवरच्या पाच कॉलन्या उचलून ते हुकू शकतं. क्षारयुक्त पेप्टोन पाण्यात वाढवलेल्या द्रवाचाही थेट पीसीआर करावा. शिवाय टीडीएच दिसलं म्हणजे रोग आला असं नाही. जंतू किती आहेत, माल बर्फात होता की उन्हात, घरी नीट शिजला की नाही, या गोष्टी जेल सांगत नाही. म्हणून बाजारात तोंड उघडण्याआधी निदान दुसऱ्यांदा तपासावं, आणि शक्य तर दुसऱ्याच्या हातून.

तेव्हा, चाचणी पुन्हा केल्यानंतरच्या रविवारी, मीच बाजारात गेले. मावशीने वाटा पिशवीत ओतला, वर मूठभर तिसऱ्या टाकल्या आणि पैसे मोजता मोजता विचारलं, "काय बाय, गेला का माझ्या तिसऱ्यांचा रोग?"