स्क्रिप्ट अडकली की पहिली एरर वाचा

इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट मध्येच थांबली की बहुतेकांची नजर टर्मिनलवरच्या शेवटच्या ओळीवर जाते. तीच ओळ कॉपी करून इंटरनेटवर शोधली जाते आणि दिवसभर भलत्याच गोष्टीवर उपाय चालतो. कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेचं काम पाहताना मी हे अनेकदा अनुभवलं आहे. खरा दोष बहुधा पहिल्या एररमध्ये असतो. खालच्या ओळी तिची पिल्लावळ.

एकदा बाहेरून आलेली स्क्रिप्ट उबुंटूवर चालेना. बॅश सापडत नाही, अशी तक्रार येत होती आणि बॅश तर मशीनवर होता. मुलांनी तो पुन्हा टाकला, एकाने तर अख्खं उबुंटू नव्याने टाकलं. दोष होता एका न दिसणाऱ्या चिन्हाचा. ती फाइल कुणीतरी विंडोजवर उघडून सेव्ह केली होती. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन चिन्हं असतात. लिनक्स आणि मॅकवर फक्त लाइन फीड. त्यामुळे पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावाला कॅरेज रिटर्न चिकटलं होतं आणि तसल्या नावाचा प्रोग्राम कुठे असणार? 'डॉस-टू-युनिक्स' हे छोटं साधन अशी फाइल क्षणात दुरुस्त करतं. प्रोजेक्ट गिटवर असेल, तर शेल स्क्रिप्टच्या ओळी लाइन फीडनेच संपतील असा नियम गिट-अॅट्रिब्यूट्सच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

दुसरा घोळ शेलचा. उबुंटूने 2006 साली, 6.10 आवृत्तीपासून, 'एसएच'च्या जागी डॅश हा वेगळा शेल आणला. बॅशमधले अॅरे आणि दुहेरी चौकटी कंस डॅशला कळत नाहीत. पहिल्या ओळीत बॅश लिहिलेलं असूनही कुणी स्क्रिप्ट 'एसएच'ने चालवली, तर ती ओळ निव्वळ कॉमेंट ठरते. मॅकवर लायसन्सच्या कारणाने बॅश 3.2 वरच थांबलेला आहे, म्हणजे चौथ्या आवृत्तीतल्या सोयी तिथे नाहीत. 'सेड'ने फाइल जागच्या जागी बदलायची रीतही लिनक्स आणि मॅकवर वेगळी आहे. अल्पाइन लिनक्समध्ये तर बॅश मुळात नसतोच.

ही दुखणी बहुतेक वेळा निदान स्क्रिप्ट थांबवतात. न थांबणारी स्क्रिप्ट जास्त भयंकर. जानेवारी 2015 मध्ये स्टीम या गेमिंग प्लॅटफॉर्मच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये असा दोष सापडला. स्टीमचं फोल्डर हलवलेलं असेल, तर त्याचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल रिकामा राहायचा आणि त्याखालचं सगळं पुसण्याची आज्ञा थेट रूटपासून सुरू व्हायची. वापरकर्त्याला ज्या फाइल्स पुसण्याचा अधिकार, त्या सगळ्या गेल्या. 2011 मध्ये लिनक्सवरच्या बंबलबी या प्रोजेक्टच्या इन्स्टॉलरमध्ये पुसण्याच्या आज्ञेत एक स्पेस जास्त पडली आणि 'यूएसआर' हे फोल्डरच पुसलं गेलं. म्हणून पुसण्याची आज्ञा असलेली स्क्रिप्ट मी वाचल्याशिवाय चालवत नाही. स्वतः लिहिताना व्हेरिएबल रिकामा असेल तर थांबण्याची तपासणी पुसण्याच्या आज्ञेआधी घालतो आणि फाइल शेलचेक या तपासणी-साधनातून काढतो.

परवानगी नाकारली की लगेच 'सूडो' जोडण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. त्याने परवानगीचा अडथळा जातो, दोष तसाच राहतो आणि त्याच्या हाती सगळं मशीन जातं. पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या पिपबाबतही अशीच जबरदस्ती होते. डेबियन 12 पासून पिप थेट सिस्टीमच्या पायथनमध्ये पॅकेज टाकायला नकार देतो. तो नकार मोडून काढणारा पर्याय आहे. तो वापरू नका, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट बनवा.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: ती दुसऱ्याच्या हाती देण्याआधी कोऱ्या उबुंटूवर, अल्पाइनवर आणि मॅकवर चालवून पाहा; गिटहब अॅक्शन्सवर उबुंटू, मॅक आणि विंडोज तिन्ही मिळतात. आणि मदत मागणाऱ्यांनो, शेवटच्या ओळीचा फोटो पाठवू नका. ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव, आवृत्ती आणि पहिल्या एररपासूनचा पूर्ण मजकूर पाठवा.