पाऊस कशावर पडतो ते बघून टायर घ्या

माउंटन बाइक घेऊन चेन्नईत अड्यारला येणाऱ्या मराठी माणसाने आधी घरचा पावसाळा विसरावा. पुण्यात जूनमध्ये लागणारा पाऊस इथे ऑक्टोबरमध्ये लागतो, डिसेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो आणि वर्षभरातला निम्म्याहून जास्त पाऊस या तीन महिन्यांतच होऊन जातो. जुलैत आपण सिंहगडाच्या पायथ्याशी चिखल तुडवत असतो, तेव्हा अड्यारचं डांबर तापलेलं असतं. हा फरक नकाशा बघूनही समजतो. दुसरा मात्र मला इथल्या एल. बी. रोडवर समजला.

पुण्याहून आणलेल्या सायकलला खास पावसाळी टायर होता. दाते उंच, दोन दात्यांमध्ये भरपूर अंतर. सह्याद्रीत त्याने उत्तम साथ दिली होती. इथे ऑक्टोबरच्या पहिल्या सरीत वळण घेताना पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर आलं आणि सरकलं. वेग जेमतेम होता, ब्रेक दाबलेला नव्हता, टायर नवाच होता. कोपर आणि गुडघा सोलवटला. मागची रिक्षा वेळेत थांबली म्हणून एवढ्यावर निभावलं. घरी आल्यावर टायर हातात घेतला आणि एक दाता अंगठ्याने बाजूला ढकलला, तर तो चक्क कलंडला. कारण तिथेच सापडलं.

डांबरावर असे मोजके दातेच जमिनीला टेकतात आणि वळणावर तेही वाकतात. म्हणजे रस्त्याला धरून ठेवणारं रबर आधीच कमी, त्यात ते डळमळतं. मोटारीच्या टायरला पाणी बाहेर फेकायला खाचा लागतात, कारण तिचा टायर रुंद आणि वेग जास्त. सायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, तो नेहमीच्या वेगात पाण्यावर तरंगत नाही. ओल्या डांबरावर त्याला जमिनीला टेकलेलं रबर जास्त हवं आणि ते मऊ हवं. म्हणून टायर घेताना पाऊस किती हे बघण्याआधी तो कशावर पडतो ते बघावं. सह्याद्रीत तो मातीवर पडतो, अड्यारला मुख्यतः डांबर, सिमेंट आणि लोखंडी झाकणांवर. मेट्रोचं काम निघाल्यापासून रस्त्यात जागोजागी लोखंडी पत्रेही आले आहेत. पत्रा, झाकण आणि रंगवलेला पट्टा यांच्यावर कुठलाच टायर भरवशाचा नाही. तिथून हँडल सरळ ठेवूनच जावं, वळू नये, ब्रेकही दाबू नये.

अड्यारमधल्या रोजच्या वापराला मधला भाग जवळजवळ सलग आणि कडेला छोटे दाते असलेला, दोन इंचांच्या आसपासचा टायर बारा महिने चालतो. शहराबाहेर तळ्यांच्या बांधांवर किंवा येलगिरीच्या बाजूला कच्च्या वाटेवर जायचं तर मध्ये बुटके, जवळजवळ दाते आणि कडेला दणकट दाते असलेला टायर घ्यावा. कोरड्या मुरमावर वळताना हे कडेचे दातेच सावरतात. सुट्टीत गावी जाऊन जुलैत सह्याद्रीत उतरणार असाल, तर मात्र तो उंच दात्यांचा टायर चढवा, कारण विरळ दात्यांतून चिखल गळून पडतो. काळ्या मातीत त्याचंही काही चालत नाही. चाक आणि फ्रेम यांच्यात गोळा अडकतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. शिवाय ओल्या वाटेवर पडलेली चाकोरी वाळून वर्षभर तशीच राहते. अशा दिवशी डांबरी घाट बरा.

इलियट्स बीचच्या वाळूचा मोह सगळ्यांनाच होतो. कोरड्या वाळूत रुंद टायर आणि कमी हवा असली तरच चाक पुढे सरकतं. ओहोटीच्या ओल्या वाळूवर साधा टायरही चालतो. पण जानेवारी ते एप्रिल या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. विद्यार्थ्यांनी चालवलेली एक संस्था १९८८पासून रात्री किनारा पायी धुंडाळून ती अंडी सुरक्षित जागी हलवते. चाकांच्या चाकोरीत कासवाची पिल्लं अडकतात, म्हणून त्या महिन्यांत चाक वाळूत घालू नका. एरवीही वाळूतून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवा; इथली खारी हवा चेन आणि स्पोक खाते.

हवेचा आकडाही टायरइतकाच महत्त्वाचा. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, पंपावर मात्र तीच भरून देतात. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूबवाल्या सव्वादोन इंची टायरमध्ये डांबरासाठी चाळीसच्या आसपास, कच्च्या वाटेसाठी तीसच्या आसपास पीएसआय ठेवून सुरुवात करावी आणि दोन-दोनने कमी-जास्त करत आपला आकडा शोधावा. हवा फार कमी केली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. तशा चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

एकच भोक असेल तर मात्र काटा शोधलाच पाहिजे. तळ्याकाठी वेडी बाभूळ माजलेली असते, तमिळमध्ये तिला सीमै करुवेलम म्हणतात. काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं आणि नवी ट्यूबही फोडतं, म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. जिथे अडकेल तिथे काटा. वारंवार बाहेर जाणाऱ्यांनी ट्यूबलेस करून आत सीलंट घालावं. मात्र अग्निनक्षत्राच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात कडक उन्हाच्या, मे महिन्यात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालावी. उन्हाने रबरही कडक होतं. बाल्कनीत उन्हात राहणाऱ्या सायकलच्या टायरच्या कडांना बारीक भेगा दिसल्या, तर दाते शाबूत असले तरी टायर बाद समजा.

खरेदीला जाताना जुन्या टायरच्या कडेवरचा आकडा लिहून न्या. ५७-६२२ म्हणजे रुंदी ५७ मिलिमीटर आणि रिमवर बसणारा व्यास ६२२. २६ इंची चाकासाठी ५५९, साडेसत्तावीससाठी ५८४ आणि २९साठी ६२२ हा दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. रुंदी थोडी बदलता येते, पण चाक आणि फ्रेम यांच्यात बोटभर जागा उरायला हवी. पैसे एकाच टायरपुरते असतील तर नवा टायर पुढे लावा. मागचा घसरला तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचा घसरला तर माणूस पडतोच. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तोही बघून घ्या.

आणि रस्त्यावर पाणी साचलं की सायकल घरीच ठेवा. डिसेंबर २०१५मध्ये अड्यार नदी घराघरांत शिरली होती. पाण्याखाली खड्डा आहे की उघडं गटार, हे कुठल्याही टायरला कळत नाही.

या सगळ्या तपासणीला इथे एक चांगला मुहूर्त आहे. आपल्या खंडेनवमीला तमिळनाडूत आयुधपूजा असते, वाहनं धुऊन पुसून पुजतात, आणि मोठा पाऊस साधारण त्यानंतरच सुरू होतो. त्या दिवशी सायकलला हार घालण्याआधी दोन्ही टायर काढा, आतून-बाहेरून तपासा, झिजलेला बदला आणि मगच पूजा करा.