वासाला फसू नका

मी वळसंगची. माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं. आईजवळ बसून विड्या वळायला शिकले, अजूनही वळते. तेंदूपान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. भुकटी नाकात जाते, खोकला येतो, पण हजारामागे मजुरी मिळते म्हणून हात थांबत नाहीत. अक्कलकोट रोडवरच कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायांची १०,००० घरांची वसाहत आहे. इथल्या किती चुली या धंद्यावर पेटतात, ते त्यावरून समजा.

त्यामुळं घरात कुणी तंबाखूला शिवलं तर मला लगेच कळेल, असं वाटायचं. अकरावीतला पोरगा एसटीनं सोलापूरला जायचा. त्याच्या बॅगेला स्ट्रॉबेरीचा वास यायचा. मी म्हटलं, सेंट असेल. निघाली व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. "आई, ह्यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे," म्हणाला. पण ती मिळाली नाही की जेवणाचं ताट सरकवायचा, धाकट्या बहिणीवर खेकसायचा. पुढं व्हेपचे पैसे पुरेनात, तेव्हा टपरीवरची सुटी सिगारेट आली.

डॉक्टरांनी सांगितलं, बहुतेक व्हेपच्या द्रवात निकोटिन असतं. विडी-सिगारेटची सवय लावतं तेही निकोटिनच. पंचविशीपर्यंत मेंदूची वाढ चालू असते, म्हणून पोरांना त्याचं व्यसन लवकर जडतं.

आयाबायांनो, एवढं करा. पोराला मारू नका. मारलं की तो लपवायला शिकतो. तलफ कधी येते, कुणासोबत येते, ते विचारा. ती काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्यायला लावा, शेंगदाणे द्या, बाहेर फेरी मारायला पाठवा. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. तेव्हा टोमणे नकोत. १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर व्यसन सोडायला फुकट सल्ला मिळतो. फोन त्यालाच करू द्या, आपण शेजारी बसा. तरी जमलं नाही तर डॉक्टरांकडं न्या.

व्हेप विकायला २०१९ पासून देशभर बंदी आहे, आणि १८ वर्षांखालच्या पोराला विडी-सिगारेट विकणं हाही गुन्हाच. टपरीवाल्याला हे चारचौघांत ऐकवा.

विड्या वळणारी बाई हे सांगते म्हणून हसाल. हसा, पण आज घरी गेल्यावर पोराशी बोला.