गडाच्या पायऱ्या आणि श्वासाची गती

मीरा-भाईंदर परिसरातील अनेक भाविक विरार येथील श्री जीवदानी मातेच्या दर्शनास जातात. भाईंदरहून विरार लोकलने चौथे स्थानक; मात्र डोंगरावरील मंदिरापर्यंत तेराशेहून अधिक पायऱ्या आहेत.

चढताना धाप लागली की वर हवा विरळ असावी, असा काहींचा समज होतो. ३,५०० मीटरहून उंच असलेल्या केदारनाथ क्षेत्री हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो, हे खरे. जीवदानीच्या डोंगरावर मात्र असा फरक जाणवत नाही. येथील धाप ही श्रमाची असते.

पायरी चढताना प्रत्येक पावलास शरीराचे संपूर्ण वजन वर उचलावे लागते. मांड्या व पोटऱ्यांच्या स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड अधिक मिसळतो. मेंदूतील श्वसनकेंद्र त्याची तत्काळ दखल घेते. विश्रांतीत प्रौढ व्यक्ती मिनिटास १२ ते २० वेळा, दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत घेते. चढताना श्वास प्रथम खोल, मग जलद होतो. कठीण श्रमात ही संख्या ४० च्याही वर जाते.

मध्यम गतीने चढल्यास दोन-तीन मिनिटांत श्वास एका लयीत स्थिरावतो. घाईने चढल्यास स्नायूंत आम्लता वाढते, धाप वाढतच जाते व पाय भरून येतात. योग्य गतीची खूण सोपी आहे : चढताना देवीचे नाव न अडखळता घेता आले पाहिजे. ते जमेनासे झाल्यास वेग कमी करावा. थांबल्यावरही काही मिनिटे श्वास जलद राहतो. ते स्वाभाविक आहे.

परंतु विसावा घेऊनही धाप न ओसरणे, छातीत दाब वा वेदना, ती खांद्याकडे, हाताकडे वा जबड्याकडे सरकणे, थंड घाम, भोवळ ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी चढणे तत्काळ थांबवून बसावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

दमेकऱ्यांनी आपला पंप जवळ बाळगावा. हृदयरोगी व वृद्धांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. प्रकृती साथ देत नसल्यास पायरीवरूनच नमस्कार करून परतण्यात कमीपणा मानू नये. श्रद्धेने केलेला नमस्कार मातेपर्यंत पोहोचतोच.