रुमालाखालचा सौदा : बोटांची भाषा समजून घ्या



आपण तोंडाने बोलतो तसेच मान, डोळे व हात यांनीही बोलतो. घरात अशी एखादी खूण चुकली तर फारसे बिघडत नाही. जनावरांच्या बाजारात मात्र तिची किंमत मोजावी लागते. देवणी किंवा लाल कंधारी बैल घेऊन आपण हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला किंवा माळेगावच्या यात्रेला जात असाल, तर ही भाषा आपणास यावयास हवी.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून भाव करण्याची जुनी चाल आहे. तीस हत्ता पद्धत म्हणतात. एक बोट धरले तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. पुढच्या आकड्यांच्या खुणा बाजारागणिक बदलतात. बोट फक्त आकडा सांगते. तो शेकड्याचा की हजाराचा, हे सांगत नाही. खरी मेख येथेच आहे.

माझ्या लहानपणी वडिलांनी खरिपाच्या बी-खतासाठी जोडी विकावयास काढली होती. वीस हजारांवर दलालाने चार बोटे दाबली. वडील चार हजार समजले, त्यांनी मान हलविली. दावे सोडल्यावर दलाल म्हणाला, चारशे. फरक ३,६०० रुपयांचा! आकडा तिसऱ्या कोणी ऐकलेलाच नव्हता.

दलाल दिवसाकाठी अनेक सौदे करतो, आपण काही वर्षांतून एखादा. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) रुमालाखाली हात देण्यापूर्वी आकडा शेकड्याचा की हजाराचा, हे तोंडाने ठरवून घ्यावे.

२) भाव ऐकताना सवयीने मान डोलावू नये. 'ऐकतो आहे' एवढाच आपला अर्थ असतो; समोरचा तो होकार धरतो.

३) गिऱ्हाईक नावे ठेवीत निघून जाते, पण पुन्हा येऊन त्याच बैलाचे दात पाहते. अशा वेळी त्याच्या बोलण्यापेक्षा पावलांवर विश्वास ठेवावा. आपणही सारखे उन्हाकडे वा गाडीच्या वेळेकडे पाहू नये. आपली घाई त्यास कळते.

४) इसार घेण्यापूर्वी पूर्ण रक्कम साक्षीदारासमोर मोठ्याने बोलावी व तीच पावतीवर लिहून घ्यावी. त्यानंतरच दावे हाती द्यावे.

सोयाबीन, तूर यांसारख्या शेतमालाचा बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव होतो, त्याचे कारणही हेच. भाव चारचौघांनी ऐकला की तो फिरविता येत नाही.

तेव्हा भाव बोटांनी करावयाचा तर करा. पण तो तोंडाने वदवून घ्या आणि कागदावर उतरवा.